डोकं ठणकलं म्हणजे बीपी वाढलं? नाही हो

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘अर्धशिशी म्हणजे वाढलेलं बीपी. डोकं दुखलं की बीपीची गोळी घ्या. डोकं दुखत नसेल तर बीपीची काळजी नको.’ तिन्ही वाक्यं चुकीची, आणि शेवटचं तर जिवावर बेतणारं.

‘अर्धशिशी म्हणजे बीपी.’ अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, हा मेंदू-मज्जातंतूंचा स्वतंत्र आजार आहे. बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो, जिना चढला तरी कळ वाढते. औषध न घेतल्यास हे 4 ते 72 तास चालतं. बीपीमुळेच डोकं दुखतंय असं म्हणायला, डोकेदुखीच्या 2018च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार, वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 गाठावा लागतो. 150/95 ला सहसा डोकं दुखत नाही.

‘पण मी मोजलं तेव्हा 150 आलं होतं!’ आलं असेलच. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, एका हाताने कपाळ दाबून धरलंय, दुसऱ्या दंडाला पट्टा. वेदनेनेच बीपी चढतं. डोकं उतरल्यावर पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, दंड छातीच्या पातळीला ठेवा आणि न बोलता मोजा. वेगवेगळ्या दिवशी असं मोजूनही आकडा चढाच येत असेल, तर तुम्हाला बीपीही आहे. दोन्ही दुखणी इतकी सर्रास आहेत की एकाच माणसाला दोन्ही असणं नवलाचं नाही.

‘बीपीची गोळी घ्या.’ इथे थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक फसतात. प्रोप्रानोलॉल, कँडेसार्टन या बीपीच्या गोळ्या अर्धशिशीवरही देतात. प्रोप्रानोलॉलचा हा गुण 1960च्या दशकात, हृदयाच्या दुखण्यासाठी ती दिली असताना, योगायोगाने कळला. पण बीपी नॉर्मल असलेल्यांनाही त्या लागू पडतात. रोज घेतल्याने पुढचे झटके कमी होतात. उठलेली कळ त्या थांबवत नाहीत. शिवाय दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल आणि गर्भवतीला कँडेसार्टन धोक्याचं, त्यामुळे शेजाऱ्याची उसनी गोळी नकोच.

मेसेजने जे सांगायला हवं होतं ते राहिलंच. अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गोळ्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून बीपी आटोक्यात नसेल तर त्या देत नाहीत. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी बीपी चढू शकतं. आणि झटक्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. त्यात बीपीची भर नको.

‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही.’ जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलं, की 30 ते 79 वयातल्या उच्च रक्तदाबाच्या सुमारे 46 टक्के लोकांना तो असल्याचा पत्ताच नाही. दुखलं असतं तर कळलं नसतं का?

एक मात्र खरं: अचानक कधी नव्हे इतकं डोकं फुटायला आलं, नजर धूसर झाली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले, तर मशीन शोधत बसू नका. थेट दवाखाना गाठा.