नाउनला एक लाइन, व्हर्बला दोन

रविवारी संध्याकाळी भजी तळून झाली होती, चहा यायचा होता, आणि नेमकी तीच घटका साधून लेकीनं वही पुढे केली. "बाबा, नाउनखाली एक लाइन मारायची आणि व्हर्बखाली दोन. दहाच सेंटेन्सेस आहेत."

हे 'दहाच' तिनं आईकडून उचललंय. 'दोनच दुकानं बघायचीत'मधला तो 'च'.

मी मराठी माध्यमातला. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत भेटायचं. राज्यात ते पहिलीपासून आलं २००० साली, तोवर माझी दहावी उरकली होती. त्यामुळे नाम आणि क्रियापद या शब्दांच्या दोन वेगळ्या जाती, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं, की त्यात मागाहून आलेल्या इंग्रजीला जागाच मिळाली नाही.

पहिलं वाक्य होतं 'राधा वॉटर्स द प्लांट्स'. वॉटर म्हणजे पाणी. पाणी हे नाम. समोर पाण्याचा तांब्याच ठेवलेला होता, आणखी पुरावा कसला? मारली एक रेघ. "मग व्हर्ब कुठंय?" लेक म्हणाली. आता मराठीत क्रियापद शोधायला डोकं लागत नाही. ते गार्डाच्या डब्यासारखं गाडीच्या शेवटाला असतं. टोकापर्यंत चालत गेलं की हिरवा झेंडा घेऊन उभं. तसा मी टोकापर्यंत गेलो आणि 'प्लांट्स'खाली दोन रेघा ओढल्या.

"बाबा, राधा पाणी घालतेय. वॉटर्स इज द व्हर्ब."

"अगं, पण वॉटर्सला एस लागलाय. म्हणजे अनेक पाणी."

तेव्हा कळलं की या एसचीही दुतोंडी नोकरी आहे. नामाला लागला की अनेकवचन करतो आणि क्रियापदाला लागला की एकवचन. असा माणूस सोसायटीच्या कमिटीवर असता तर आपण त्याला दुसऱ्या टर्मला निवडून दिला नसता.

चौथ्या वाक्यात मम्मीनं शेल्फ 'डस्ट' केलं. हे मला आलं. धूळ झटकली. पाचव्यात मम्मीनं केक 'डस्ट' केला, साखरेनं. मी म्हटलं, "बेकरीत उघडा पडला असेल, धूळ बसली असेल." लेकीनं माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. केकवर साखर भुरभुरवली, असा अर्थ होता म्हणे. म्हणजे धूळ काढायची तीही डस्ट आणि वरून भुकटी टाकायची तीही डस्ट! आपल्याकडे धूळ झटकणारा आणि डोळ्यांत धूळ फेकणारा, ही दोन वेगळी माणसं असतात.

टेबलानं तर माझा एक अख्खा शनिवार-रविवार खाल्लाय. अमेरिकेतल्या क्लायंटची मेल आली होती, 'लेट्स टेबल धिस'. आमचे साहेब काही वर्षं लंडनला काढून आलेले. ते म्हणाले, विषय चर्चेला घ्यायचाय, तयारी करा. मी दोन दिवस बसून अडतीस स्लाइड्स केल्या. सोमवारी रात्री कॉलवर पहिली स्लाइड उघडली तर पलीकडे शांतता. मग एकजण हळूच म्हणाला, आपण तर हा विषय टेबल केला होता ना? ब्रिटिशांनी टेबल केलं की विषय मांडला जातो आणि अमेरिकनांनी केलं की बासनात जातो, हे मला त्या रात्री साडेनऊला समजलं. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची लांबलचक खडाजंगी झाली आणि शेवटी लक्षात आलं की दोघांनाही तेच हवं होतं, असं चर्चिलनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्यांना निदान महायुद्ध तरी चालू होतं. माझा वीकेंड फुकट गेला.

हा घोळ घातला कुणी, म्हणून मी मोबाइलवर शोधलं. तर जुन्या इंग्रजीत सगळं रीतसर होतं. 'लुफु' म्हणजे प्रेम आणि 'लुफियन' म्हणजे प्रेम करणं. पुढे शतकानुशतकं वापरून चपलेच्या टाचेसारखे शब्दांचे शेवट झिजले आणि दोघांचं मिळून एकच 'लव्ह' उरलं.

इथे माझा मराठी बाणा जागा झाला. भजी गार होत होती तरी मी सुरू केलं. "बघ, आपल्याकडे कसं स्वच्छ काम असतं. पाणी ते पाणी. डोळ्यांत आलं की डोळे पाणावतात. त्यांच्याकडे आइज पण वॉटरच करतात. हात वेगळा, हाताळणं वेगळं. लाथ वेगळी, लाथाडणं वेगळं."

लेक पेन्सिल चावत म्हणाली, "मग 'खेळ'? आजी म्हणते, जा, खेळ. आणि परत म्हणते, खेळ पुरे. आणि 'धाव'? मॅचमध्ये एक धाव घेतली, आणि कुत्रा मागे लागला की, धाव!"

मी चहाकडे पाहिलं. तो अजून आला नव्हता.

"'बोल' राहिलं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "घरात काही बिघडलं की बोल मला. आणि मी काही सांगायला आले की फोनमधून मान वर न काढता, 'हं, बोल'."

यानंतरची पाच वाक्यं आम्ही झपाट्यानं संपवली.

मंगळवारी वही परत आली. दहापैकी चार बरोबर, त्यातली तीन लेकीनं मला न विचारता केलेली. खाली लाल शाईत शेरा होता, 'नीड्स हेल्प. पेरेंट टू साइन.' लेकीनं तेवढ्यात त्या शेऱ्यावरही पेन्सिल चालवली होती. 'हेल्प' आणि 'पेरेंट'खाली एकेक रेघ, 'नीड्स' आणि 'साइन'खाली दोन-दोन.

मी चारही शब्द डिक्शनरीत पडताळून पाहिले आणि सही केली.