‘दंड भरा आणि मोकळे व्हा’ : एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फौजदारी केसमध्ये नाव आलं तर काय करावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मनापासून लिहिलेली आहे. म्हणून चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बांधावरून भावकीत भांडण झालं आणि तुमच्या दोन्ही पुतण्यांवर केस झाली. थोरल्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, दोन हजार दंड भरला आणि दुपारच्या एसटीने घरी आला. धाकटा पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याचंही पुढच्या तारखेला असंच उरकायचं ठरलंय. तुमचं म्हणणं असं, की ‘वकीलताई, तुम्ही बचाव-बिचाव सांगून गरिबाला वर्षानुवर्षं तारखा करायला लावता. त्यात फायदा वकिलांचा, नाहीतर खऱ्या गुन्हेगाराचा.’

तारखांचं तुम्ही जे लिहिलंय ते खरंच आहे. साडेदहाला यायचं, बोर्डावर नाव बघायचं, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं आणि दुपारी कळतं की साक्षीदाराला समन्सच बजावलेलं नाही. दिवसाची मजुरी गेली, एसटीचे पैसे गेले. त्यात कोर्टात केस चालू असली की पासपोर्ट अडतो, त्याच कोर्टाकडून परवानगी आणावी लागते. एवढं सोसण्यापेक्षा दंड परवडला असं वाटणाऱ्या माणसाला मी मूर्ख म्हणणार नाही.

पण तुमचा थोरला पुतण्या ‘मोकळा झाला’, हे मला मान्य नाही. त्याला शिक्षा झाली आहे. दंड ही शिक्षाच आहे आणि ती शिक्षा तो गुन्हेगार ठरल्यावरच सुनावली जाते. शिवाय कबुलीवरून दोषी ठरलेल्या माणसाला ‘मी हे केलंच नव्हतं’ म्हणून अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्यात बसत नाही, एवढ्यापुरतंच अपील उरतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१६ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही तसंच होतं. म्हणजे त्या दुपारी बंद झालेला दरवाजा जवळजवळ कायमचा बंद झाला. त्यातून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ५७ आहे. मारहाण किंवा चोरीसारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसाच गुन्हा करील असं मानायला कारण असलं, तर त्याला तडीपार करता येतं. तुमच्या पुतण्यावर तशी वेळ येईल असं मी म्हणत नाही. पण उद्या पुन्हा भावकीत वाजलं, तर त्याच्या नावावर आधीची शिक्षा आहे हे समोरच्या पक्षाला पाठ असेल.

कबुली कशी होते हे मी रोज बघते. पुकारा होतो, पोरगा कठड्याजवळ उभा राहतो. न्यायाधीश वाचून दाखवतात : अमुक तारखेला अमुक गावी फिर्यादीस काठीने मारहाण करून दुखापत केली, शिवीगाळ केली, जिवे मारण्याची धमकी दिली. मग विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ पोरगा मागे वळून चुलत्याकडे बघतो. चुलता मान हलवतो. ‘हो साहेब.’ काठी होती का, फिर्यादीने आधी हात उचलला होता का, हा पोरगा शेतात होता तरी का, यातलं एक अक्षरही त्या ‘हो’मध्ये राहत नाही. जे वाचून दाखवलं ते सगळं त्याने केलं, असं कागदावर कायम होतं.

आता धाकट्याच्या केसकडे येते, कारण त्याची वेळ अजून गेलेली नाही. तुम्ही कळवलेली कलमं भारतीय न्याय संहितेची आहेत : ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), आणि सोबत ३(५). साधी दुखापत म्हणजे ११५(२). तिला १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तीच दुखापत धोकादायक हत्याराने केली असं म्हटलं की ११८(१) लागतं आणि कैद ३ वर्षांपर्यंत, दंड २० हजारांपर्यंत जातो. ३५२ म्हणजे समोरचा भडकून शांतता मोडेल असा जाणूनबुजून केलेला अपमान, ३५१(२) म्हणजे धमकी. दोन्हींना २ वर्षांपर्यंत कैद आहे. ३(५) हा वेगळा गुन्हा नाही. सगळ्यांनी एकाच इराद्याने केलं म्हणून सगळे सारखेच जबाबदार, एवढंच ते कलम सांगतं. भावकीच्या फिर्यादीत घरातल्या प्रत्येकाचं नाव घालायला हेच कलम उपयोगी पडतं.

यातलं खरं वजन ११८(१) चं आहे, बाकीची तीन असती तर पोलिसांनी बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवून परत पाठवलं असतं. म्हणून आधी बघायचं ते डॉक्टरांचं सर्टिफिकेट. त्यात जखमेचं माप, जागा, ती किती तासांपूर्वीची आहे, कशाने झाली असावी आणि साधी की गंभीर, हे सगळं लिहिलेलं असतं. ‘डाव्या दंडावर खरचटलं, कठीण व बोथट वस्तूने, साधी’ असं असेल, तर फावड्याच्या दांड्याने तीन-चार घाव घातल्याची फिर्याद त्या कागदाशी जुळते का, हा सरळ प्रश्न आहे. बांधावर पडूनही दंड खरचटतो. उलट, हाड मोडलं किंवा दात पडला असेल तर ती जबर दुखापत होते, कलम ११७(२) लागतं आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. तेव्हा एक्स-रेची प्लेट कोर्टात आली का, ती कोणी वाचली, हे विचारावंच लागतं. पंचनाम्यात दांडा जप्त झालाय का, पंच कोण आहेत, फिर्याद द्यायला दोन दिवस का लागले, हे त्यानंतर.

आणि धाकटा त्या दिवशी होता कुठे? तुम्ही सहज लिहून गेलात की तो तेव्हा चाकणला कंपनीत कामाला होता आणि रात्री गावी आला. अहो, हा तर पूर्ण बचाव आहे! कंपनीची बोट लावून घेतलेली हजेरी, गेटचं रजिस्टर, त्या महिन्याची पगाराची स्लिप, शिफ्टमधला एखादा सहकारी, एवढं मिळालं तरी केसचं रूप बदलतं. ही कागदपत्रं कंपन्या कायम ठेवत नाहीत, म्हणून आजच अर्ज द्या. थोरल्याने कबूल केलं म्हणजे धाकटाही अडकला, असंही समजू नका. थोरल्याची कबुली त्याच्यापुरती. धाकट्याविरुद्ध सरकार पक्षाला प्रत्येक गोष्ट पुराव्यानिशी सिद्ध करावीच लागते.

तो तिथे असता तरीही कबुलीच द्यावी लागली असती असं नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या अंगावर हल्ला होत असेल तर प्रतिकार करायचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. अट एवढीच, की बचावापुरतं बळ वापरायचं आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर कायदा हातात घ्यायचा नाही. त्या भांडणात तुमच्या वहिनींच्या डोक्याला टाके पडल्याचं तुम्ही लिहिलंय. त्याचे सरकारी दवाखान्यातले कागद आहेत ना? आरोपी पक्षाच्या जखमा कशा झाल्या याबद्दल फिर्यादी पक्ष गप्प बसला, तर त्याच्या सगळ्याच हकिकतीवर संशय येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या निकालात सांगितलं आहे. धमकीचंही तसंच. नुसतं ‘बघून घेईन’ म्हटल्याने ते कलम सिद्ध होत नाही, समोरच्याच्या मनात भीती घालायचा हेतू दिसावा लागतो. हे २०१५ च्या माणिक तनेजा निकालात आहे.

हे सांगणं म्हणजे गुन्हेगारांना पळवाटा शिकवणं, असं तुम्ही म्हणता. मी तसं मानत नाही, आणि या बाबतीत मला मवाळ होता येणार नाही. हा बचाव विधिमंडळाने आणि संसदेने केलेल्या कायद्यातच लिहिला आहे. पैसेवाल्याला तो पहिल्या दिवसापासून माहीत असतो. माहीत नसतो तो तुमच्या पुतण्यासारख्यांना, आणि म्हणून तेच पटापट ‘हो साहेब’ म्हणतात.

कबूल करणं आणि दहा वर्षं लढणं, एवढेच दोन रस्ते नाहीत. ११५(२), ३५२, ३५१(२) या गुन्ह्यांत तडजोड करता येते आणि तडजोड मंजूर झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा असतो. ११८(१) त्या यादीत बसत नाही. म्हणून आरोप ठेवण्याच्या वेळीच वकिलांनी युक्तिवाद करायला हवा, की हत्यार धोकादायक नव्हतं, हा ११५(२) चाच मामला आहे. कोर्टाला ते पटलं तर तडजोडीचा रस्ता उघडतो. नाहीच पटलं, तर दोन्ही बाजूंच्या संमतीने हायकोर्टात केस रद्द करायचा अर्ज होतो, त्याला खर्च आहे. प्रत्येक तारखेला पोराने भरतीचा सराव बुडवून यायलाच हवं असंही नाही, वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो. फीची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतला माणूस आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेला कोणीही मोफत वकील मागू शकतो. कोर्टातच त्यांचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा.

गुन्हा खरोखर घडला असेल आणि पुरावा पक्का असेल, तर मीसुद्धा कबुलीचा सल्ला देते. मात्र सोबत १९५८ च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली अर्ज देते. पहिलाच गुन्हा, लहान वय, घरची परिस्थिती बघून कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता लागत नाही. थोरल्यासाठी हा अर्ज कोणी दिला होता का? त्याच्या निकालाची आणि रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या त्या-त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीची, नक्कल काढून मला दाखवा. शिक्षेच्या बाबतीत काही करता येतं का, ते बघू.

धाकट्याच्या भरतीचं मात्र गोड बोलून सांगता येणार नाही. भरतीवेळी भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यात केसची माहिती विचारतात, ती खरी लिहावीच लागते. लपवलं आणि चारित्र्य पडताळणीत सापडलं, तर निवड त्यावरच रद्द होऊ शकते. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे सविस्तर मांडलं आहे. खरं लिहिलं तरी नेमणूक देणाऱ्याला पूर्वेतिहास बघायचा अधिकार राहतो. तडजोडीने सुटलेल्या उमेदवारालाही पोलीस खात्याने नाकारल्याची आणि न्यायालयाने ते योग्य ठरवल्याची उदाहरणं आहेत. पुराव्यावर निर्दोष सुटलेला, तडजोडीने सुटलेला आणि कबुलीवर दंड भरलेला, हे तिघे पडताळणी करणाऱ्यासमोर सारखे नसतात. कबुलीवाल्याची बाजू सगळ्यांत पडकी. आणि हा पोरगा तर भांडणाच्या वेळी गावातच नव्हता!

तेव्हा पुढच्या तारखेला त्याला ‘कबूल नाही’ म्हणू द्या. त्याआधी पोलिसांच्या दोषारोपपत्राची (चार्जशीटची) पूर्ण प्रत मिळाली आहे का ते तपासा. ती आरोपीला फुकट मिळते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. चाकणच्या कंपनीचा हजेरीचा कागद आणि वहिनींचे दवाखान्याचे कागद घेऊन वकिलांना तारखेच्या आधी भेटा, तारखेच्या सकाळी व्हरांड्यात नको.