एकच जहाज सात ठिकाणी कसे ठेवावे

जहाजाच्या प्राथमिक आराखड्याचे काम आपल्याकडे नुकतेच आले असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. बांधणीचा खर्च किती होणार, याचा बराचसा निकाल याच टप्प्यावर लागतो आणि नेमक्या याच टप्प्यावर जहाजाविषयी कोणालाच फारसे ठाऊक नसते. अननुभवी माणूस अशा वेळी सगळी माहिती एका जागी ठेवण्याच्या मागे लागतो. आपण तो मोह टाळावा. हलचा, म्हणजे जहाजाच्या बाह्य सांगाड्याचा आकार एका प्रोग्रॅममध्ये, टाक्या आणि कप्पे दुसऱ्यात, वजनांची यादी एक्सेलमध्ये, सर्वसाधारण मांडणी ऑटोकॅड या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये आणि मुख्य मापे प्रकल्पप्रमुखांच्या डोक्यात, अशी वाटणी झाली की प्रत्येक विभागाला स्वतःचे जहाज मिळते आणि दुसऱ्याच्या जहाजात कोणी नाक खुपसत नाही.

जहाजरचनेचे अभ्यासक जे. हार्वे इव्हान्स यांनी १९५९ मध्ये जहाजाच्या आराखड्याची प्रक्रिया सर्पिलाकार रेषेने दाखवली. मापे, आकार, वजन, वेग, स्थैर्य असे फिरत यायचे आणि प्रत्येक फेरीत मध्याच्या थोडे जवळ सरकायचे. आपण या कल्पनेत एवढीच सुधारणा करावी की प्रत्येक विभागाने स्वतंत्र सर्पिलावर, आपापल्या वेगाने फिरावे.

याचे फळ रुंदी बदलताना दिसते. समजा, १२० मीटर लांबीच्या जहाजाची रुंदी २० मीटरवरून २०.४ मीटर केली. जलरेषेवरील क्षेत्राचे आडवे जडत्व (जहाज कलंडायला किती विरोध करते, हे बरेचसे यावर ठरते) रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने रुंदीतील दोन टक्के तेथे सहा टक्के होतात, आणि स्थैर्य पाहणारे गृहस्थ त्या दिवशी खुशीत घरी जातात. ही बातमी त्यांनी इतरांना मुळीच कळवू नये. वाढीव पोलाद वजनाच्या यादीत शिरत नाही, वेगाचा अंदाज जुन्या अरुंद आकारावरच राहतो, आणि नव्या जहाजाचे स्थैर्य, कालच्या जहाजाचे वजन व परवाच्या जहाजाचा वेग असलेले एक अपूर्व जहाज सादरीकरणासाठी तयार होते. पाण्यावरच्या कोणत्याही जहाजाला त्याची बरोबरी करता येणार नाही.

टाक्यांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. चांगले सॉफ्टवेअर टाकीची सीमा बल्कहेडच्या, म्हणजे जहाजातील आडभिंतीच्या नावाने सांगू देते. बल्कहेड सरकवले की टाकी आपोआप मागे येते. ही सोय धोकादायक आहे. आपण सीमेच्या जागी सरळ ४८.६० असा आकडा टंकावा. पुढे बल्कहेड दीड मीटर पुढे गेले तरी टाकी तत्त्वनिष्ठपणे जुन्या जागी उभी राहते, मधली जागा कोणत्याच कप्प्यात मोजली जात नाही, आणि सोलास या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांप्रमाणे छिद्र पडलेल्या जहाजाच्या तगण्याच्या संभाव्यतेचे गणित करताना त्या बेवारस जागेत पाणी कधीच शिरत नाही. निकाल सुंदर येतो. (तो इतका सुंदर का आला, हे विचारणारा माणूस प्रत्येक कार्यालयात एक असतो. त्याला छपाईच्या कामाला लावावे.)

एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात आकार नेण्यासाठी स्टेप या आंतरराष्ट्रीय मानकात जहाजांची स्वतंत्र कलमेच केलेली आहेत: मांडणीसाठी २१५, हलच्या आकारासाठी २१६, रचनेसाठी २१८. ती आदराने फळीवर ठेवून आपण १९९६ मध्ये शेवटची आवृत्ती निघालेल्या आयजेस या जुन्या फाइल-स्वरूपाचीच वाट धरावी. पलीकडे पोहोचलेल्या पृष्ठभागांच्या कडा एकमेकींना केसभर कमी भेटतात. त्या फटी बुजवण्यात एका हुशार अभियंत्याचे दोन दिवस जातात, आणि तोवर मूळ आकार बदललेला असतो. फार निकड असेल तर पीडीएफ पाठवावी. समोरचा पडद्यावर पट्टी लावून मापे घेईल.

एककांविषयीही आग्रही राहू नये. वर सांगितलेल्या २० मीटर रुंद जहाजाचा ड्राफ्ट (पाण्यात बुडालेली खोली) ७ मीटर आणि ब्लॉक गुणांक (लांबी, रुंदी व ड्राफ्टच्या ठोकळ्याचा हलने व्यापलेला हिस्सा) ०.७५ धरला, तर पाण्याखालचे घनफळ १२,६०० घनमीटर येते. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरून वजन १२,९१५ टन होते. स्तंभाच्या डोक्यावर नुसते ‘विस्थापन’ (जहाजाने बाजूला सारलेले पाणी) लिहावे. वाचणाऱ्याने कोणता आकडा टन समजावा, हे त्याच्या संस्कारांवर सोपवले की ३१५ टनांचा फरक निमूटपणे वजनाच्या राखीव वाट्यात जिरतो. तो वाटा अजून न ठरलेल्या यंत्रसामग्रीसाठी असतो, असे पुस्तकात म्हणतात. या प्रथेची परंपरा जुनी आहे. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत सुमारे १,३०० मीटर जाऊन स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेल्या ‘वासा’ या युद्धनौकेच्या अवशेषांत सुतारांच्या मोजपट्ट्या मिळाल्या; काहींवर बारा इंचांचा स्वीडिश फूट होता, तर काहींवर अकरा इंचांचा ॲमस्टरडॅमचा. गुरुत्वमध्य फार वर गेल्याने ती कलंडली, तो दोष पट्ट्यांचा नव्हता; पण प्रत्येकाने आपापल्या फुटाने काम करावे, हा बाणा तेथेही होता.

शेवटी इन्क्लाइनिंग चाचणीचा, म्हणजे तयार जहाज मुद्दाम थोडे कलवून पाहण्याचा दिवस उगवेल. डेकवरची वजने या बाजूची त्या बाजूला सरकवतील, लोलक किती हलला ते मोजतील आणि रिकाम्या जहाजाचे वजन व गुरुत्वमध्य स्वतः जहाजाकडूनच वदवून घेतील. आपण घाबरू नये. आलेला आकडा एका नव्या स्प्रेडशीटमध्ये नोंदवावा, आणि जुन्या यादीला हात लावू नये.