नेब्रास्का कुठे आले?

सुटीवर भारतात आलो की मला एका साध्या प्रश्नाची धास्ती वाटते, आणि तो प्रश्न म्हणजे "अमेरिकेत कुठे असता?" कॅलिफोर्निया, न्यू जर्सी किंवा टेक्सास असे सांगणारा माणूस त्या एका शब्दावर सुटतो. मी "नेब्रास्का" म्हणतो, आणि समोरच्या माणसाचा चेहरा बोलता बोलता फोनची रेंज गेल्यासारखा होतो.

परवा साताऱ्यात पुतणीच्या लग्नात, ऐन पंगतीत, आत्याने मसालेभाताचा घास हातातच धरून विचारले, "अलास्का? तिथं बारा महिने बर्फ असतो ना रे?" मी म्हटले, "अलास्का नव्हे आत्या, नेब्रास्का. बर्फ आमच्याकडेही पडतो, पण फक्त थंडीत." "मग तेच की," म्हणून तिने घास तोंडात घातला आणि वर विचारले, "न्यू जर्सीपासून किती लांब?" आमच्या नात्यागोत्यात अमेरिकेतले प्रत्येक गाव न्यू जर्सीपासूनच मोजले जाते. गाडीने दोन हजार किलोमीटर, असे मी सांगताच "म्हणजे आडगावच म्हण," असा निकाल देऊन ती जिलबीकडे वळली.

तिचा तरी काय दोष? अमेरिकेत राज्ये पन्नास असली, तरी बाहेरच्या जगात त्यांतल्या पाचसहांचेच नाणे चालते. कॅलिफोर्नियाला हॉलिवूड आणि संगणकवाल्यांनी घरोघरी पोचवले, टेक्सासला टोपी, घोडा आणि तेलविहिरी यांनी, तर फ्लोरिडाला डिस्नेने. हवाईची ओळख करून द्यायला समुद्रकिनाऱ्याचे एक छायाचित्र पुरते. न्यूयॉर्क शहराच्या पुण्याईवर त्याच नावाचे राज्यही तरून जाते. त्या राज्याची राजधानी ऑल्बनी आहे, हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांनी माझ्याकडे मी थाप मारत असल्यासारखे पाहिले. ज्या राज्यांची शहरे त्यांच्या डोक्यावर बसली, त्यांचे हाल मात्र विचारू नयेत. विवेकानंदांचे १८९३ मधले शिकागो शाळकरी पोरालाही ठाऊक असते, पण ते इलिनॉय राज्यात येते हे त्या पोराच्या मास्तरांनाही सांगावे लागते. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हे आपण अभिमानाने सांगतो आणि पेनसिल्व्हेनियाचे नाव सोयीस्करपणे गिळून टाकतो.

आमच्या नेब्रास्काकडे दाखवायला आहे तरी काय? दृष्टी पोचेल तिथवर मका, आणि माणसांच्या तिपटीहून अधिक गुरे. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या १९ लाख ६१ हजार भरली. एकट्या पुणे शहराची २०११ मध्येच ३१ लाखांवर गेली होती. दर वसंतात प्लॅट नदीच्या पात्रात लाखो क्रौंच पक्षी उतरतात आणि पहाटे ते एकदम उठतात, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. पण क्रौंच पाहायला साताऱ्याहून कोण येणार? खुद्द आमच्या पर्यटन खात्यानेही २०१८ साली हात टेकले आणि "खरे सांगायचे तर, हे ठिकाण सर्वांसाठी नाही" अशा अर्थाची जाहिरात केली. घरचाच आहेर म्हणायचा.

पंगत उठता उठता समोरच्या पानावरचे एक गृहस्थ अचानक म्हणाले, "नेब्रास्का राहू द्या हो, गाव कुठलं?" मी "ओमाहा" म्हणताच ते ताटावरून अर्धे उठले. "अहो, म्हणजे शेअर बाजारवाल्या वॉरन बफेंचं गाव!" माझा ऊर भरून आला. अकरा वर्षांत प्रथमच कोणीतरी मला नकाशावर शोधून काढले होते. बफे यांनी १९५८ साली घेतलेल्या घरातच ते अजून राहतात, ही माहिती मी उत्साहाच्या भरात पुरवली, आणि तिथेच फसलो.

पुढच्या तासाभरात "हे बफेंच्या शेजारी राहतात" ही बातमी कार्यालयभर पसरली. हात धुताना एकाने कोणता शेअर घ्यावा ते विचारले, विडा घेताना दुसऱ्याने कोणता विकावा ते विचारले, आणि नवऱ्या मुलाच्या मामांनी मला खांबाआड नेऊन, सोने घ्यावे की म्युच्युअल फंड, याचा सल्ला मागितला. संध्याकाळी एका अनोळखी गृहस्थांनी "आपण अमेरिकेत कुठे असता?" असे विचारले, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता "न्यू जर्सी" म्हणालो.

"अरे वा! एडिसनला का?" ते आनंदाने म्हणाले. "आमचा भाचा तिथंच असतो. थांबा, फोन लावून देतो."