पोटाचं ऑपरेशन, सायकल आणि तो 'जनहितार्थ' मेसेज

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन माणसांनी मला एकच मेसेज मोबाइलवर दाखवला. एक बेळगावातल्या शहापूरचे विणकर काका, एक खानापूरकडच्या काकू आणि तिसरा माझाच आतेभाऊ. मेसेज असा :

"पोटाचं कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर तीन महिने पूर्ण विश्रांती घ्या. चालणं फक्त बाथरूमपर्यंत. टाके बाहेरून भरले तरी आतून कच्चेच राहतात, म्हणून सायकल आणि व्यायाम कायमचा बंद. दुर्बिणीतून ऑपरेशन असेल तर आठ दिवसांनी सगळं चालतं. पोटाचा पट्टा सहा महिने रात्रंदिवस बांधा, नाहीतर हर्निया होतो. डाळ, भात, अंडी खाल्ली की जखमेत पू होतो. टाके निघाले की पोट सुटू नये म्हणून रोज पन्नास सिटअप्स मारा. जनहितार्थ."

व्यायाम कायमचा बंद आणि रोज पन्नास सिटअप्स, दोन्ही एकाच मेसेजमध्ये. तरीही माणसं तो पुढे पाठवतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. मी बेळगावात फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड असतं, त्यावर इंग्रजीत एकच ओळ असते : जड वजन उचलू नये. जड म्हणजे किती किलो, किती दिवस, ते लिहिलेलं नसतं. वॉर्डात कुणीतरी घाईत कन्नडमध्ये काही सांगितलेलं असतं, ते येळ्ळूरच्या किंवा जांबोटीच्या म्हाताऱ्या माणसाला निम्मंच कळलेलं असतं. ती रिकामी जागा असले मेसेज भरून काढतात. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

"तीन महिने पूर्ण विश्रांती, चालणं फक्त बाथरूमपर्यंत." सगळ्यात घातक वाक्य हेच. माझ्या मामांचं अल्सर फुटला म्हणून पोट उघडून ऑपरेशन झालं होतं. मी तेव्हा शिकत होते, घरी नव्हते. व्हॉट्सॲपही नव्हतं, पण हाच सल्ला तोंडातोंडी फिरत होता. घरच्यांनी जीव लावून त्यांना खाटेवरून उतरू दिलं नाही. जेवण खाटेवर, दाढीसुद्धा खाटेवर. विसाव्या दिवशी डावी पोटरी सुजली, दगडासारखी झाली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. ती फुप्फुसात गेली असती तर मामा राहिले नसते. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि सततच्या रक्ततपासण्या. टाक्यांना काहीही झालं नव्हतं. मायेनं दिलेल्या विश्रांतीनं त्यांना आजारी पाडलं, हे मी अजून विसरले नाही.

अंथरुणात पडून राहिलं की शिरांतलं रक्त साचतं, फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि न्यूमोनिया होतो, आतडी सुस्तावतात, मांड्यांचे स्नायू दिवसागणिक झिजतात. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच अंथरुणाच्या धोक्यांबद्दल बजावून ठेवलं होतं. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी ऑपरेशननंतर लवकर खाणं आणि लवकर उठणं यांची पद्धतच बसवली, आणि ती आज जगभर चालते. मोठं ऑपरेशन असलं तरी सर्जनची मनाई नसेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी खाटेच्या कडेला बसायचं, मग खोलीत चार पावलं, मग व्हरांड्यात. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातावर जोर देऊन उठा. खोकला आला तर उशी पोटावर घट्ट धरा. घरी गेल्यावर दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं अंगणात फिरा. जिना चढायलाही बहुतेकांना हरकत नसते, कठडा धरून सावकाश.

"टाके आतून कच्चेच राहतात." यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. सात ते चौदा दिवसांत निघतात ते फक्त कातडीचे टाके. पोटाला खरा आधार कातडीचा नसतोच. तिच्या आणि चरबीच्या खाली जो पांढरा, चिवट पडदा असतो, त्याचा असतो. त्याचे टाके वेगळे आणि ते कुणी काढत नाही. त्यातले काही धागे साधारण सहा महिन्यांत विरतात, पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचे धागे तर कधीच विरत नाहीत. पडद्याला दीड-दोन महिन्यांत निम्म्याच्या आसपास ताकद येते, चार महिन्यांत ७० ते ८० टक्के. पूर्ण शंभर कधी येत नाही, पण रोजच्या आयुष्याला आणि सायकलला लागते त्याहून बरीच जास्त येते. म्हणजे कच्चेपणा आहे, पण त्याला मुदत आहे. शिवाय पडद्यात भरून येणारी ताजी वीण हळूहळू वाढत्या ताणानंच ओढाच्या दिशेनं बसत जाते. ताण मुळीच नाही मिळाला तर ती मजबूत कशी होणार?

आता सायकल, कारण शहापूरच्या काकांचा प्रश्न तोच होता : "सायकल कवा मारू?" पोटातला दाब मोजून पाहिलेला आहे. चार-पाच किलो उचलण्यापेक्षा खोकताना आणि उडी मारताना तो कितीतरी जास्त चढतो. सपाट रस्त्यावर सीटवर बसून सावकाश पेडल मारण्यात अंगाचं वजन सीट पेलते, पोटाला फारसं काम नसतं. मग सायकलमध्ये धोका कुठे आहे? चढण्या-उतरण्यात आहे. दांडीच्या सायकलवरून टांग मारताना एका पायावर तोल जातो आणि पोट पिळवटतं. खड्ड्याच्या धक्क्यात आहे. समोर कुत्रं आल्यावर करकचून ब्रेक दाबण्यात आहे. चढावर सीट सोडून उभं राहून जोर लावण्यात आहे. आणि सगळ्यात मोठा धोका पडण्यात आहे. हँडलचं टोक पोटात घुसून आतल्या अवयवांना इजा झाल्याच्या घटना धडधाकट माणसांतही नोंदलेल्या आहेत. नुकत्या शिवलेल्या पोटावर तर तसा मार नकोच नको.

म्हणून मी महिने मोजायच्या आधी चार गोष्टी करून बघायला सांगते. अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी दुखत नाही ना? वेदनाशामक गोळी बंद करून चार-पाच दिवस झाले ना? उभ्या सायकलवर, कुणीतरी धरलेलं असताना, दहा वेळा चढता-उतरता येतं ना? मान आणि खांदा वळवून मागची गाडी बघता येते ना, आणि दोन्ही ब्रेक जोरात दाबताना पोटाला हात जात नाही ना? यातल्या एकाही गोष्टीत अडत असेल तर अजून आठवडा थांबा.

मधोमध उभा छेद असेल तर साधारण चित्र असं : तीन-चार आठवड्यांनी घरातली जागेवरची सायकल, ताण न लावता, दहा मिनिटं. सहा ते आठ आठवड्यांनी सपाट रस्ता. तीन महिन्यांच्या पुढे चढ आणि ओझं. पहिल्यांदा लेडीज सायकल घ्या, सीट एवढी खाली की दोन्ही पाय टेकतील, हँडल थोडं वर. सकाळी लवकर, वाहतूक सुरू व्हायच्या आधी, कॅम्पातल्या रुंद रस्त्यांवर एक फेरी पुरे. टिळकवाडीतलं रेल्वे गेट सायकलवरून ओलांडू नका, उतरून चाला. राजहंसगडाचा चढ, चोर्ल्याची वाट, सगळं पुढच्या हंगामाला राखून ठेवा. निपाणी-चिकोडीकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, तिथे कडेला ढकललं जाणं नवीन नाही. तेवढे महिने घरातलीच सायकल बरी. पावसाळ्यात खानापूरच्या रस्त्यांबद्दल मी वेगळं काय सांगू.

जांघेतल्या हर्नियाला, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कच्च्या जागेतून आतला भाग बाहेर डोकावतो त्याला, जाळी बसवलेल्यांना तर मेसेजनं उगाच घाबरवलंय. सायकल मारल्यानं जाळी सरकते म्हणून माझा आतेभाऊ चालायलाही भीत होता. जाळीत काही आठवड्यांत शरीराच्याच पेशी वाढून ती जागेवर धरली जाते. २०१८ साली हर्नियाच्या तज्ज्ञांनी मिळून जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात साध्या ऑपरेशननंतर सोसेल तसं नेहमीचं सगळं सुरू करू द्यावं असंच म्हटलंय; बहुतेकांना ते तीन ते पाच दिवसांत जमतं. कायमची बंदी त्यात कुठेच नाही.

"दुर्बिणीतून ऑपरेशन असेल तर आठ दिवसांनी सगळं चालतं." पहिलं वाक्य भित्र्याला खाटेवर खिळवतं, हे वाक्य कष्टाळू बाईला लवकर कामाला जुंपतं. बाहेरची भोकं लहान असतात, आतलं काम लहान असेलच असं नाही. पित्ताशय किंवा साधं अपेंडिक्स काढलं तर आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक जण हिंडूफिरू लागतात, हे खरं. पण गर्भाशय काढलं असेल तर योनीच्या वरच्या टोकाला आत शिवण असते. तिला निदान सहा आठवडे लागतात, दुर्बीण असो वा नसो. खानापूरकडच्या त्या काकू बाराव्या दिवशी पाण्याची घागर घेऊन पायऱ्या चढल्या आणि रक्तस्राव सुरू झाला. "घरात नुसती बसून काय करूलीस, म्हणत होती सगळी," त्या मला म्हणाल्या. त्यांच्या घरच्यांना मी सांगितलं तेच इथे सांगते : सहा आठवडे घागर, चाऱ्याचा भारा, भरलेली बादली, नातवंडाला कडेवर घेणं, सगळं बंद. चालणं मात्र रोज. त्यांनी सायकलच्या सीटवर बसायचं तेही सर्जननं आतली शिवण तपासल्यावरच, कारण सगळा भार नेमका तिथे येतो. सिझेरियन झालेल्या मुलींनाही हाच हिशेब : सहा आठवडे बाळापेक्षा जड काही नाही.

"पट्टा सहा महिने रात्रंदिवस." पट्ट्यानं सुरुवातीला दुखणं कमी होतं, चालायला धीर येतो. तेवढ्यासाठी बांधा, आडवं झाल्यावर सोडा. हर्निया त्यानं टळतो याला भक्कम पुरावा नाही. मधोमध छेद घेतलेल्यांपैकी शंभरातल्या दहा ते वीस जणांना पुढे त्या जागी हर्निया होतो. त्याची मोठी कारणं म्हणजे जखमेतला जंतुसंसर्ग, लठ्ठपणा, मधुमेह, धूम्रपान आणि जुनाट खोकला. निपाणीच्या तंबाखूत आयुष्य काढलेल्या माणसाला मी पट्ट्यापेक्षा आधी खोकल्याचा इलाज करायला आणि बिडी सोडायला सांगते. बद्धकोष्ठही तितकंच वाईट. संडासला कुंथणं म्हणजे रोज सकाळी त्या शिवणीवर जोर.

"डाळ, भात, अंडी खाल्ली की पू होतो." साफ खोटं. पू जंतूंमुळे होतो. जखम प्रथिनांनी भरते, आणि ती डाळीत, उसळीत, अंड्यात, दुधात आहेत. पथ्याच्या नावाखाली पंधरा दिवस नुसत्या पेजेवर ठेवलेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांना खुर्चीतून उठायलाही हात लागतो. आतड्याचं ऑपरेशन असेल किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असेल तर खाणं डॉक्टरांना विचारूनच ठेवा. बाकीच्यांनी जेवा.

"रोज पन्नास सिटअप्स." नका. सुरुवातीच्या महिन्यांत सिटअप्सनं मधली शिवण बाहेर ढकलली जाते. करताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसला तर तो धोक्याचा इशारा समजा. त्याऐवजी पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, श्वास सोडत बेंबी हलकेच आत घ्या, पाच आकडे मोजा, सोडा. मग तसंच करत एक टाच चटईवरून पुढे सरकवा आणि मागे घ्या. दिसायला काहीच नाही, पण सायकलवर धड सरळ ठेवतात ते हेच आतले स्नायू. वजन उचलायला लागाल तेव्हा जोर लावताना श्वास रोखू नका, सोडा.

हे सगळं सरळ भरत आलेल्या पोटाबद्दल आहे. जखम चिघळलेली असेल, पोट पुन्हा उघडावं लागलं असेल, पोटावर शौचाची पिशवी लावलेली असेल, केमो चालू असेल, तर वेळापत्रक तुमच्या सर्जनचंच. आणि जखमेतून अचानक गुलाबी पाणी वाहू लागलं, ताप आला, उलट्या होऊन वारा सरेनासा झाला, एक पोटरी सुजली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर कुठल्याही ग्रुपवर विचारू नका, मलाही फोन करत बसू नका, सरळ दवाखान्यात जा.

घरी सोडताना डॉक्टरांना पाच गोष्टी विचारा आणि कार्डाच्या मागे तिथल्या तिथे मराठीत लिहून घ्या : पोट कुठे आणि किती उघडलं होतं, जाळी आहे का, किती किलोपर्यंत आणि कुठल्या तारखेपर्यंत, सायकल कधी, पुन्हा दाखवायला कधी. शहापूरच्या काकांच्या कार्डामागे आता हे निळ्या पेनानं लिहिलेलं आहे. त्यांचा सातवा आठवडा चालू आहे. सोमवारी त्यांनी मुलीची सायकल घेऊन कॅम्पात एक फेरी मारली. मागे मुलगा स्कूटरवर होता.