कपाटावरचा क्यूआर कोड : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ग्रंथालयातल्या कपाटांवर, जालावरच्या मोफत पुस्तकांकडे नेणारे क्यूआर कोड लावावेत, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन : वर्षभरात लिंका मरतात, मोबाइल हातात आला की वाचन संपतं, आणि तेवढ्या पैशांत चार पुस्तकं आली असती.

पैशांचं आधी. कोड फुकट बनतो. खर्च कागदाचा आणि चिकटपट्टीचा. त्यात एकही पुस्तक येत नाही.

लिंकांचा मुद्दा मात्र रास्त आहे. कोड म्हणजे चौकोनांत लिहिलेला पत्ता. तो मरत नाही, मरतं पलीकडचं पान. म्हणून थेट पीडीएफचा पत्ता त्यात घालायचाच नाही. ग्रंथालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दर कपाटासाठी एक पान ठेवायचं, कोड त्या पानाचा, आणि बाहेरच्या लिंका त्या पानावर. एखादी तुटली तर पान दुरुस्त करा, कपाटावरचा कागद तसाच राहतो. फुकट ‘डायनॅमिक’ कोड देणाऱ्या साइटींच्या नादी लागू नका. त्या कोडात पत्ता त्यांचा असतो, त्यांनी दुकान बंद केलं की तुमची सगळी कपाटं मुकी. आणि पत्ता छोटा ठेवा : चौकोन कमी, म्हणून मोठे छापता येतात, मागच्या अंधाऱ्या रांगेतही कॅमेरा चटकन वाचतो. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची पातळी ‘एच’ निवडली तर कोडाचा सुमारे ३० टक्के भाग फाटला-पुसला तरी चालून जातं.

आता वाचन. कोशांचं कपाट डोळ्यांसमोर आणा. केतकरांच्या ज्ञानकोशाचा मधलाच खंड गायब, उरलेल्यांची पानं हात लावताच तुटणारी, वर ‘घरी मिळणार नाही’ची चिठ्ठी. तोच ज्ञानकोश जालावर फुकट वाचता येतो, मराठी विश्वकोशही. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. त्या कपाटापाशी उभ्या असलेल्या माणसाला हे सांगतं कोण? मोबाइल त्याच्या खिशात आहेच, कोड लावा की लावू नका.

पायरसीचं तुम्ही काढलं नाहीत, पण तिथे मी कडक आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. ह. ना. आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या कादंबऱ्यांची लिंक बिनधास्त द्या. हयात लेखकाची व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ ग्रंथालयाने कपाटावर लावायची नाही, म्हणजे नाही.

एका ठिकाणी मात्र हा सगळा खटाटोप वाया : जिथे वाचकाने काउंटरवर चिठ्ठी द्यायची आणि पुस्तक आतून यायचं. तुमच्याकडे तसं असेल तर कोड राहू द्या, आधी मुक्तद्वाराचा, म्हणजे वाचकाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ देण्याचा, अर्ज करा. सही करायला मी येतो.