पेव्हर ब्लॉकले पैसे आहेत, नळवाल्याले नाहीत

आज पहाटे साडेचारला ग्रामपंचायतीचे नळवाले काका दिसले. बिल थकलं म्हणून रस्त्यावरच्या लाइटचं कनेक्शन कापलंय, तर मोबाईलचा टॉर्च चालू करून मोबाईल दातात धरलेला अन् वाकून व्हॉल्व फिरवत होते. सात महिन्यांचा पगार नाही माणसाला. म्हटलं काका, काहून येता मंग? तर म्हणे, "लोकायले पानी तं लागतेच ना बाप्पा."

तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

त्या व्हॉल्वपासून दहा पावलांवर नवे पेव्हर ब्लॉक पडलेत. म्हणजे पैसा आला ना? आला, केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा, २०२१ ते २०२६ चा. पण त्यातला ६० टक्के बंधित, पाणी अन् स्वच्छतेवरच लावायचा, उरलेला ४० टक्के म्हणायला अबंधित, पण पगार त्यातूनही करता येत नव्हता! पाइप घ्या, टाकी बांधा, फक्त पाणी सोडणाऱ्याला देऊ नका. सरकार पगाराचा वाटा देते तर त्याला करवसुलीची अट. घरपट्टी आपण बुडवायची अन् उपाशी काकांनी राहायचं. १९९३ ला ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, २९ विषय गावाच्या हाती द्यायचं ठरलं, आणि आमच्या पंचायतीजवळ खांबावरच्या बल्बचं बिल भरायला पैसे नाहीत.

सोयाबीन मातीमोल गेलं त्या घरानं घरपट्टी कुठून भरावी, हे मान्य. पण ज्यांचे दोन मजले चढले त्यांचं काय? आकारणी दर चार वर्षांनी नव्यानं करायची असते, पण कर वाढवला की मतं गेली, मग कोणता सरपंच हात घालतो त्यात?

एवढं सगळं तावातावानं लिहिलं अन् मग आमच्याच घराचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचा उतारा, काढून पाहिला. मातीचं घर लिहून आहे. स्लॅब टाकून नऊ वर्षं झाली. बाबांना विचारलं तर काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. मलाही पुढं बोलवेना, कारण त्या नऊ वर्षांत नळाचं पाणी मीही प्यालोच ना.

उद्या फेरआकारणीचा अर्ज देतोय, मागची पाणीपट्टीही भरतो. तेवढ्यानं काकांचा पगार निघणार नाही, माहीत आहे. म्हणून ग्रामसभेत पहिला विषय त्यांच्या पगाराचाच घ्यायला लावणार, गावातल्या पोट्ट्यांनो, तुम्ही पण या.

आणि कोणाजवळ डोक्याला बांधायची बॅटरी पडून असेल तर आज रात्रीच आणून द्या रे. काकांचे समोरचे दोन दात हलतात.